दूरदर्शनसंचाची दुरुस्ती : नामपल्लीतील एक अलिखित इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आहे, त्यांनी आम्हांला नववी-दहावीत विज्ञान शिकविले. पुढे मी त्यांचा विषय सोडून मराठी भाषा-साहित्याच्या वाटेला लागलो, याचा त्यांना राग नव्हता. थोडे आश्चर्य मात्र होते. व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा हैदराबादेतील मराठी वाङ्मयपरंपरेवर मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. मी ‘दूरदर्शनसंचाची दुरुस्ती’ हा विषय कळविल्यावर त्यांनी दूरध्वनी करून आपण नीट ऐकले ना, याची खात्री करून घेतली. त्यांचा संकोच मी समजू शकतो. परंतु गुरुजींनी वर्गात दाखविलेली एक गोष्ट मी विसरलो आणि त्या विस्मरणाची किंमत माझ्या घराला मोजावी लागली. ती हकीकत याच विषयातली आहे. आणि त्यांच्या नावाने बोलायचे तर ती टाळून बोलणे मला प्रशस्त वाटले नाही.

दूरचित्रवाणीचा इतिहास आपल्याकडे वरून खाली लिहिला जातो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झालेला प्रारंभ, २ ऑक्टोबर १९७२ चे मुंबई केंद्र, १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झालेले ‘दूरदर्शन’, १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आलेला रंग, १९८४ चे ‘हम लोग’, १९८७ चे ‘रामायण’ – असे हे टप्पे सर्वांना पाठ आहेत. शासनाने काय ठरविले आणि पडद्यावर काय दिसले, एवढेच या इतिहासाचे दोन विषय. या दोहोंच्या मध्ये घराच्या बैठकीत एक लाकडी पेटी उभी होती, ती वरचेवर बिघडत होती आणि कोणीतरी ती उघडून पुन्हा चालती करीत होते, याची नोंद मला कोठल्याही ग्रंथात धड सापडली नाही. वस्तुतः ती पेटी उघडणारे हात नसते तर पुढचा सारा इतिहास अंधारातच राहिला असता.

या बाबतीत आपल्या शहराची गोष्ट तर फारच विलक्षण आहे. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, अर्थात ईसीआयएल, ही संस्था ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबादेत स्थापन झाली. तिचे आरंभीचे सूत्रधार डॉ. अय्यागारी सांबशिव राव हे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातून येथे आले होते. अणुभट्ट्यांना लागणारी नियंत्रणोपकरणे घडविणे हे संस्थेचे मुख्य काम. परंतु तिने दूरदर्शनसंचही घडविले आणि ‘ईसी’ हे नाव घरोघर गेले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्यासाठी लागणारे संच ईसीआयएलने पुरविले. खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री गावाच्या शाळेवर किंवा पंचायतीच्या घरावर उभी राहिली आणि उपग्रहाकडून थेट चित्र उतरले. आंध्रातल्या गावांप्रमाणेच गुलबर्गा, विजापूर या जिल्ह्यांतील गावेही त्यांत होती. त्या भागात आपल्यापैकी अनेकांचे आजोळ आहे.

आणि हैदराबाद शहर? येथे प्रक्षेपण सुरू झाले ते १९७७ साली. म्हणजे शंभर-दीडशे मैलांवरच्या खेड्यातला शेतकरी संध्याकाळी चित्र पाहात होता, ते चित्र दाखविणारा संच आमच्या शहराच्या एका टोकाला तयार होत होता, आणि आम्ही नामपल्लीकर मात्र आकाशवाणीवर समाधान मानत होतो. हैदराबादने दूरदर्शनसंच आधी घडविला आणि मग पाहिला. याचा एक परिणाम असा झाला की, १९७७ नंतर घरोघर संच येऊ लागले तेव्हा ते उघडण्याचे धाडस असलेली माणसे गल्लीबोळांत अगोदरच होती. कोणाचा चुलतभाऊ जोडणीच्या कामावर होता, कोणी आयटीआयमधून रेडिओ व दूरदर्शन मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आले होते. आणि जुने रेडिओमिस्त्री तर होतेच. निजामी अमदानीतील डेक्कन रेडिओ १९५० साली आकाशवाणीत विलीन झाला, त्या काळापासूनचे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करीत ज्यांची उमर गेली होती, असे हे लोक.

आमच्या गल्लीतले उस्ताद त्यांपैकीच. नामपल्ली स्थानकाकडून यूसुफैन दर्ग्याकडे जाताना एका अरुंद बोळात त्यांचे दुकान होते. दुकान कसले, पाच फूट रुंदीचा एक खण. १९७८ साली आम्ही वीस इंची कृष्णधवल संच घेतला. त्याला माझा दोन महिन्यांचा पगार गेला. त्यावेळी संचासाठी टपालकचेरीत परवाना-शुल्क भरावे लागे, ते पुढे रद्द झाले. संच अर्धा ट्रान्झिस्टरचा आणि अर्धा व्हॉल्व्हचा होता. वर्षभरात तो पहिल्यांदा मुका व आंधळा झाला, तेव्हा उस्तादांना बोलावले.

त्यांनी मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढले, खोलीतला दिवा मालविला आणि नुसते पाहिले. सारे व्हॉल्व्ह काळे. ते म्हणाले की, दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की माळ विझते ना, तसे आहे हे. या संचांतील व्हॉल्व्हच्या तंतूंना एकामागोमाग एक असा जोडलेला, ०.३ अँपिअरचा एकच प्रवाह पुरविलेला असे. चित्रनलिकेचा तंतूही त्याच माळेत. एक तुटला की सर्वांचा उजेड जाई. मग एकेक व्हॉल्व्ह काढून, मीटर लावून, कोणाचा तंतू तुटला ते शोधायचे. मला यात मोठी मौज वाटली. पुढे असा प्रसंग आला की मीच ते काम करू लागलो आणि नवा व्हॉल्व्ह आणण्यापुरता कोठीच्या गुजराती गल्लीत जाऊ लागलो. फ्यूज बदलणे, चॅनेलच्या चक्रीचे काळवंडलेले स्पर्शबिंदू स्पिरिटने पुसणे, पेटीतील धूळ रंगाच्या जुन्या ब्रशाने झाडणे, गच्चीवरची अँटेना फिरविणे ही कामे तर बहुतेक घरांतली कर्ती माणसे करीतच. अँटेना फिरविणारा गच्चीवर, पडदा पाहणारा खाली, आणि दोघांमधला निरोप्या जिन्यात – हे दृश्य आठवत नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा.

येथे भाषेच्या अभ्यासकाला थोडे विषयांतर करू द्यावे. महाराष्ट्र शासनाने परिभाषाकोश सिद्ध करविले आणि ते काम मोठ्या निष्ठेने झाले, याविषयी मला आदर आहे. परंतु ‘ऋण किरण नलिका’ हा शब्द उच्चारून कोणी चित्रनलिका विकत आणल्याचे मी पाहिले नाही. बिघाडाची खरी मराठी परिभाषा घरातल्या बायकामुलांनी तयार केली. पडद्यावर ‘मुंग्या’ आल्या, चित्र ‘धावू’ लागले, माणसामागे ‘भूत’ दिसते, ‘पट्टे’ पडतात. यांतला प्रत्येक शब्द एका निश्चित दोषाचे नाव आहे. मुंग्या म्हणजे संदेश दुर्बळ. चित्र धावते म्हणजे उभ्या दिशेचा ताल चुकला. भूत म्हणजे उंच इमारतीवर आपटून उशिरा पोचलेली तीच लहर. उस्तादांना एवढ्यावरून अर्धे निदान करता येई.

उस्तादांची भाषा दखनी. “तस्वीर भागरी, प्रोफेसर साब,” ते म्हणत. आणि एकदा मी चित्रनलिकाच गेली की काय या धास्तीने विचारले, तेव्हा म्हणाले, “ट्यूब नक्को बदलो, टाँकाच खुला है.” टाँका म्हणजे आपले सोनार-तांबट ज्याला डाग म्हणतात तो कथिलाचा जोड. संच तापला की जोड सैल होतो, पेटीवर थाप मारली की पुन्हा चिकटतो. पेटीला चापट मारण्याच्या सार्वत्रिक प्रथेचे शास्त्रीय कारण हे. परंतु माझे लक्ष त्या ‘नक्को’कडे आणि ‘टाँकाच’मधल्या ‘च’कडे गेले. हे दोन्ही दखनीत मराठीतून आले, असे अभ्यासक मानतात. कित्येक शतकांच्या शेजाराचा तो ठेवा नामपल्लीच्या बोळात, जळक्या राळेच्या वासात असा सहज कानी पडे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. हैदराबादेत मराठीचे काय उरले, असा प्रश्न सभांतून विचारला जातो. माझे एक उत्तर उस्तादांच्या दुकानात आहे.

आता ती हकीकत. माझे वडील परभणी जिल्ह्यातले. निझाम स्टेट रेल्वेत नोकरी लागली म्हणून तरुणपणी हैदराबादेस आले आणि नामपल्लीतच स्थायिक झाले. १९८६ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, वाचन अवघड झाले. संच हीच त्यांची खिडकी उरली. हैदराबाद केंद्राचे कार्यक्रम तेलुगू आणि उर्दू. राष्ट्रीय कार्यक्रम हिंदी-इंग्रजी. मराठी ऐकू येण्याची एकच वेळ म्हणजे रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत, त्यांत मराठीची पाळी येई तेव्हा. पाळी येण्यास काही महिने लागत. वर्तमानपत्रात तसे जाहीर झाले की वडील डाव्या हाताने दिनदर्शिकेवर खूण करून ठेवीत. महाराष्ट्रातल्या श्रोत्याला यातली उत्कंठा कदाचित समजणार नाही. त्याच्या अंगणात मुंबई केंद्र होते.

१९८७ च्या पावसाळ्यात अशी एक खूण दिनदर्शिकेवर होती. तिच्या चार दिवस आधी चित्र आकसू लागले. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. उस्ताद गावाला गेले होते. दहा वर्षांच्या अनुभवाने मला आत्मविश्वास आला होता. थोडा पैसा वाचवावा असेही मनात होते, ते लपविण्यात अर्थ नाही. संच बंद केला, प्लग काढून ठेवला, झाकण उघडले आणि ब्रशाने धूळ झाडता झाडता चित्रनलिकेच्या पाठीवरील रबरी टोपीखाली माझे बोट गेले.

धक्का एवढा जोराचा होता की हात आपोआप मागे उडाला आणि कोपर नलिकेच्या निमुळत्या गळ्यावर आपटले. बारीकसा फुत्कार ऐकू आला, बस. गळ्याच्या काचेवर आतून एक आरशासारखा चंदेरी डाग असतो. आत उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी तो धातू तेथे ठेवलेला असतो. माझ्या डोळ्यांदेखत तो डाग दुधासारखा पांढरा झाला. आत हवा शिरली होती. संचातला सर्वांत महाग भाग मी स्वतःच्या कोपराने संपविला होता.

रात्री हात चोळीत बसलो असता गुरुजी आठवले. शाळेच्या प्रयोगशाळेत एक काचेची बरणी होती. आतून आणि बाहेरून धातूचा पत्रा लावलेली. १७४५-४६ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापकाने अशा बरणीचा अभ्यास केला म्हणून तिचे नाव लायडन जार. गुरुजींनी बरणी विद्युत्‌भारित केली, यंत्रापासून सोडवून टेबलावर ठेवली, आम्हांला काही वेळ नुसते बसवून ठेवले आणि मग दोन पत्रे तारेने जोडून ठिणगी उडवून दाखविली. तोडलेली म्हणजे रिकामी झालेली नव्हे, असे त्यांचे त्या दिवशीचे म्हणणे होते. चित्रनलिका ही हुबेहूब तीच बरणी आहे. आतून ग्रॅफाइटचा लेप, बाहेरून ग्रॅफाइटचा लेप, मध्ये जाड काच. आणि कृष्णधवल संचात पंधरा हजार व्होल्टच्या वरचा दाब. प्लग काढल्यावरही तो भार बराच वेळ टिकून राहतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी हे पाहिले होते, वहीत आकृती काढली होती, तिला गुणही मिळाले होते.

रविवारी चित्रपट झाला. शेजाऱ्यांकडे संच होता, परंतु वडिलांना दोन जिने उतरवून आणि चढवून नेणे शक्य नव्हते. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. मी सुमारे चाळीस वर्षे अध्यापन केले, विद्यार्थ्यांच्या चुकांवर पुष्कळ लाल शाई ओतली. त्या दुपारी मला जे वाटले ते येथे सांगून टाकणे एवढेच आता उरले आहे.

उस्ताद परत आल्यावर त्यांनी नलिकेकडे पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले आणि त्यांच्या सर्व काही लक्षात आले. नवी नलिका परवडणारी नव्हती. मोडीत निघालेल्या एका संचाची, त्याच मापाची नलिका त्यांनी महिनाभराने मिळविली. पैसे पूर्ण घेतले. मजुरीही घेतली, आणि ते योग्यच होते. परंतु त्या दिवशी त्यांनी मला संच उघडण्याची रीत शिकविली. आधी टेस्टरने सांगाडा तपासायचा, कारण या संचांत विजेची एक तार थेट सांगाड्याला जोडलेली असे आणि प्लग उलटा बसला की सारा सांगाडा जिवंत होई. मग पेचकसाला तार गुंडाळून तिचे दुसरे टोक नलिकेच्या बाहेरील लेपाशी जोडायचे आणि पेचकसाचे पाते रबरी टोपीखाली सरकवायचे. ‘टक्’ असा आवाज होतो. थोडे थांबून पुन्हा एकदा करायचे, कारण काचेत भार पुन्हा थोडा साचतो. आणि डावा हात सदैव पाठीमागे, म्हणजे प्रवाह छातीतून जाणार नाही. गुरुजींची बरणी आणि उस्तादांचा पेचकस यांत मला काहीच अंतर दिसले नाही.

नलिका बसली, चित्र आले, पण तिरके. गळ्याभोवतीचे तारांचे वेटोळे, ज्याला योक म्हणतात, ते फिरवून चित्र सरळ करावे लागते. ते फिरविणारा संचाच्या मागे असतो, त्याला पडदा दिसत नाही. म्हणून पडद्यासमोर आरसा धरावा लागतो. दाढीचा आरसा आणला. तो धरायला वडिलांनी डावा हात पुढे केला. अर्धा तास त्यांनी तो धरला. हात थरथरत होता, त्यामुळे आरशातले चित्रही थरथरे, आणि उस्ताद मागून नुसते “हौ, हौ” म्हणत होते.

त्याच दिवशी उस्तादांनी माझ्या मुलीला जवळ बोलावून विचारले, “बेटी, सीटी आरी क्या?” आपल्याकडील प्रक्षेपणात प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. या ओळी आखणारा ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच वेगाने थरथरतो आणि त्याची अतिसूक्ष्म शीळ येते. शीळ आली म्हणजे उच्च दाबाचा विभाग चालू आहे. परंतु एवढा तीव्र स्वर तरुण कानांनाच ऐकू येतो. वय वाढते तसा कान तो सोडून देतो. उस्तादांना तो ऐकू येईनासा होऊन दहा वर्षे झाली होती. दुकानात ते नेहमी एखादा दहा-बारा वर्षांचा पोरगा का ठेवीत, हे मला तेव्हा उमगले. पोराने शाळेत असायला हवे होते, हेही खरे. त्या दुकानाविषयी बोलताना ते वगळून चालणार नाही. सगळ्याच गल्ल्यांतले मिस्त्री आमच्या उस्तादांसारखे सरळ होते, असेही नाही. चांगला भाग काढून जुना बसविणारे महाभाग होतेच.

पुढचे थोडक्यात सांगतो. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग पाच-पन्नास भागांचे काम एका चिपेत मावू लागले. १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या आणि केबल यांनी गल्ली व्यापली. २००० साली ईटीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली. तिचा कारभार चाले शहराबाहेरील रामोजी फिल्म सिटीतून. चोवीस तास मराठी बोलणारी वाहिनी आमच्याच हैदराबादेतून सर्व महाराष्ट्राला पोचू लागली! वडील १९९२ सालीच गेले होते. सपाट पडदे आल्यावर दुरुस्तीचे स्वरूपच पालटले. दोष शोधण्याऐवजी सबंध पट्टी बदलतात. जुन्या नलिकांच्या काचेत शिसे असते, म्हणून त्या वाटेल तेथे फोडू नयेत. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. तथापि भंगारवाले काय करीत, ते मी स्थानकामागे पाहिले आहे. प्रथम गळा तोडून आत हवा घेतात, मग तांब्यासाठी योक ओढून काढतात. तो फुत्कार मी ओळखतो. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद झाले, तेव्हा गच्चीवरच्या अँटेनालाही काही काम उरले नाही.

उस्ताद आता नाहीत. त्यांचा मुलगा आबिड्‌सच्या जगदीश मार्केटात मोबाइल दुरुस्त करतो; भिंग लावून, मान मोडून, बापासारखाच.

आमचा संच माळ्यावर होता. गेल्या वर्षी नातीने तो पाहण्याचा हट्ट धरला. खाली उतरविला, पेचकसाला तार गुंडाळली, डावा हात पाठीमागे घेतला. वीस वर्षे पडून राहिल्याने कंडेन्सर वाळले होते, ते बदलून आणले. उस्ताद करीत तसा शंभर वॅटचा दिवा आधी मालिकेत जोडून मग वीज दिली, म्हणजे आत काही जळायचे असेल तर दिवाच पेटेल. दिवा लखकन पेटला आणि मंदावला. व्हॉल्व्ह एकेक करून लालसर झाले. मग दिवा काढून पूर्ण वीज दिली. पडद्यावर काही नव्हते. मी बटणे फिरवीत होतो, मला काहीच ऐकू येत नव्हते.

नात म्हणाली, “आजोबा, हे शिट्टी कोण वाजवतंय?” आणि थोड्या वेळाने पडद्यावर मुंग्या आल्या.